दोन पलंग आणि एक बोट

सगळी गे मंडळीच असलेल्या बोटीवर जावं की चारचौघांच्या बोटीवर, असा विषय आमच्या मित्रांत निघाला की मी सुरक्षितता, मोकळीक, आत्मसन्मान असे भारदस्त शब्द काढतो. मनात मात्र वेगळाच हिशेब चाललेला असतो. कुठल्या बोटीवर मी जास्त देखणा दिसेन?

चारचौघांची बोट या बाबतीत सोयीची. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’चे व्हिडिओ मी बारकाईने पाहिलेत. माझ्या वयाचे पुरुष तिथे थ्री-फोर्थ, सँडलमध्ये मोजे आणि पोटावर पाउच अशा वेषात बुफेच्या रांगेत असतात. त्यांच्यामधून मी इस्त्रीचा लिनन शर्ट घालून नुसता चालत गेलो, तरी दोन-चार वहिनी नवऱ्याला कोपर मारून म्हणतील, “बघा जरा, माणसं कशी राहतात.” शिवाय ते जहाज मला आपल्यातलं वाटतं. १९९० सालचं आहे, आधी परदेशी कंपनीत नोकरी करून आलेलं, आणि बाहेरून रंग देऊन टिकवलेलं. मीही देतो, केसांना.

आपल्या माणसांच्या बोटीवर हे चालणार नाही. अमेरिकेत १९९१ पासून अटलांटिस नावाची कंपनी हाच धंदा करते. अख्खं जहाज भाड्यानं घ्यायचं आणि तिकिटं आपल्याच लोकांना विकायची. तिच्याही आधी आरएसव्हीपी होती, तिची पहिली सफर १९८६ ची. बायकांची ऑलिव्हिया तर १९७३ साली गाण्याच्या तबकड्या काढायला निघाली आणि १९९० पासून बोटी काढायला लागली. २०११ साली अटलांटिसनं ‘अल्यूर ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज घेतलं, त्यावर पाच हजारांहून जास्त मंडळी होती. त्या सफरींचे फोटो पाहिले तर एकाच्याही पोटाला वळी नाही. एका रात्री सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे असतात. फोटोंवरून पाहता, पांढरे एवढाच नियम दिसतो. कपडे किती, यावर बंधन नसावं.

‘हा’ म्हणतो, “तू चष्मा लावून पोटं कशाला मोजतोस?” हा म्हणजे आमच्या घरातला दुसरा माणूस, नाव छापायला त्याची परवानगी नाही. आम्ही चौक नावाच्या गावात राहायला आलो, तेव्हा लोक काय म्हणतील या काळजीनं मी भरपूर उत्तरं तयार ठेवली होती. कुणी प्रश्नच विचारला नाही. दूधवाल्यानं परस्पर आम्हाला ‘मोठे सर’ आणि ‘धाकटे सर’ करून टाकलं आणि गावानं ते चालवून घेतलं. उदार गाव आहे. तक्रार एवढीच की मी याच्याहून आठ महिन्यांनी लहान आहे आणि मोठे सर मी आहे. कलपाची सुरुवात तिथून झाली.

चौकात बसून समुद्रपर्यटनाच्या गप्पा मारणं तसं धाडसाचंच. आमच्या जवळचं मोठं पाणी म्हणजे मोरबे धरण, आणि तेही नवी मुंबईकरांच्या नळाला बांधलेलं. पण कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात या दोन्ही जातींची जहाजं जमिनीवर उभी आहेत, तिकीट न काढता पाहून घ्यावीत.

पहिली जात रिसॉर्टची. याच भागातल्या एकाच्या फाटकावर वॉचमननं आम्हाला अडवलं. “स्टॅग अलाउड नाही, सर. फॅमिली ओन्ली.” त्याचंही खरं होतं. पावसाळ्यात मुंबईची टोळकी येतात, बाटल्या फोडतात, रेन डान्समध्ये मुलींना त्रास देतात. पण आम्ही दोघं स्टॅग? दोघांच्या बॅगेत मिळून एकच बाटली होती, त्रिफळ्याच्या काढ्याची. मी त्याला म्हणालो, बाबा रे, २०२४ साली केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना पत्र लिहिलंय, रेशनकार्डासाठी आमच्यासारखी जोडपी एकाच घरातली धरा म्हणून. तांदळाच्या हिशेबात आम्ही एक घर आहोत, मग तुमच्या पोहण्याच्या तलावात का नाही? त्यानं शांतपणे विचारलं, “रेशनकार्ड आणलंय?” आणलं नव्हतं. मागे स्विफ्टमधून एक कुटुंब उतरलं. नवरा-बायको रस्ताभर भांडत आले असावेत, एकमेकांकडे बघतही नव्हते. त्यांच्यासाठी फाटक सताड उघडलं. घरी येईपर्यंत मी विनोद करत होतो, आणि हा एकाही विनोदाला हसला नाही.

दुसरी जात फार्महाऊसची. मुंबईची आपली पोरं शनिवार-रविवार एखादा बंगला घेतात, डीजे, तलाव, सगळं आपलं आपल्यात. एकदा आम्हालाही बोलावणं आलं. मी दुपारपासून तयारी केली. त्या तयारीचा तपशील सांगत नाही. आत पाऊल टाकलं तर उघडा बांधेसूद तरुण हसत हसत थेट माझ्याकडे आला. पोट आत घेऊन मी उभा. तो म्हणाला, “अंकल, तुम्ही ओनर ना? वरच्या बाथरूमला प्रेशर येत नाहीये.” मी मागे जाऊन मोटर चालू करून दिली. एअर धरला होता, तोही काढून दिला. तोपर्यंत हा स्वयंपाकघरात पोरांच्या घोळक्यात कांदा चिरत होता आणि नव्वदच्या दशकात चर्चगेट स्टेशनवर कसे भेटायचो, ते रंगवून सांगत होता. जेवताना एक पोरगा दुसऱ्याच्या ताटातला बटाटा उचलून खात होता. खाताना त्यानं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. परतताना गाडीत हा म्हणाला, “मला ते पाहिजे.” मला वाटलं, डीजे.

आता पलंगांविषयी. वाचकांनी हा भाग गाळला तरी चालेल, मला गाळवत नाही. दोन पुरुषांनी खोली मागितली की हॉटेलवाला न विचारता दोन सुटे पलंग देतो, मधे छोटं टेबल, टेबलावर फोन आणि पालथा ग्लास. दार लावलं की आमची पाळी सुरू. आधी टेबल हटवायचं. ते भिंतीला स्क्रूनं ठोकलेलं निघालं की पंचाईत. महाबळेश्वरला हा एक रुपयाच्या नाण्यानं स्क्रू पिळत बसला होता. मग पलंग. फरशीवरून ओढला तर खालच्या मजल्यावरचा माणूस उठून बसतो, म्हणून एकेका बाजूनं उचलून पायांखाली हॉटेलचे टॉवेल सरकवायचे. माथेरानच्या जुन्या हॉटेलांत लाकडी जमीन, तिथे टॉवेलही हात टेकतात, एकेक फळी साक्ष देते. एवढं करून मधे फट राहतेच. फटीत ब्लँकेटची वळकटी कोंबावी, असं याचं घराणं. माझं घराणं गाद्याच आडव्या टाकणाऱ्यांचं. त्यात उभी फट आडवी होते आणि नेमकी कमरेखाली येते, पण निदान दोघांना सारखी लागते. याच्या पद्धतीत वळकटी पहाटे खाली जाते आणि तिच्यामागोमाग मी. सकाळी चहावाल्याच्या आधी सगळं उलटं करायचं. धुळीतल्या खुणा बघून टेबल जागेवर, फोन तिरका होता तसा तिरका, ग्लास पालथा, आणि दोन्ही उशांवर वेगवेगळे खड्डे.

या काळात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली आम्हाला गुन्ह्यातून सोडवलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली परत आत घेतलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला परत सोडलं. न्यायमूर्तींनाही पलंग सरकवायची आमचीच सवय असावी. त्या सोडवणुकीनंतरच्या पहिल्या मुक्कामात आम्ही ठरवून पलंग सकाळी तसेच जोडलेले ठेवले. चहावाला आला. मी छाती काढून बसलो होतो, जे होईल ते होईल. त्यानं जोडपलंगावर ट्रे ठेवला आणि विचारलं, “साखर वेगळी आणू?”

तर सांगायचं ते हे की मोठ्या बोटींवर बहुतेक केबिनमधले दोन पलंग मुळात जोडता यावेत असेच केलेले असतात. बुकिंगच्या वेळी सांगायचं, खोली आवरणारा माणूस जोडून ठेवतो. बोट कुणाचीही असो. हे मी याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प राहून हा म्हणाला, “फट राहते का विचार.”

परदेशी चारचौघांच्या बोटींचं आणखी एक. दिवसभराच्या कार्यक्रमाच्या कागदावर ‘डोरोथीचे मित्र’ अशी एक बैठक छापलेली असायची. डोरोथी म्हणजे १९३९ च्या ‘विझार्ड ऑफ ओझ’ चित्रपटातली मुलगी, तिचे मित्र म्हणजे आपण. त्याच कागदावर ‘बिल डब्ल्यू.चे मित्र’ अशीही बैठक असते, ती दारू सोडलेल्यांची. माझा स्वभाव बघता मी लिनन शर्ट घालून बिलकडे जाऊन बसणार आणि भरल्या डोळ्यांनी सगळं कबूलही करणार. उलट अख्खी बोट आपली असली की कागदाची गरज नाही, पण मग लांबूनच ओळखू येते. १९९८ साली केमन बेटांच्या सरकारनं असं एक जहाज, ‘नॉर्वेजियन लीवर्ड’, आत सुमारे नऊशे प्रवासी असताना बंदराला लागूच दिलं नाही. म्हणजे आमच्या फाटकावरच्या वॉचमनचे भाऊबंद भर समुद्रातही नेमलेले आहेत.

घरातून खरा विरोध झाला तो आत्याचा. आत्या अलिबागकडची. आम्ही दोघं एकत्र राहतो याला तिनं कधी आडकाठी केली नाही. तिचं वैर बोटीशी. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आत्या तेव्हा परकरी पोर होती. किनाऱ्यावर काय आलं ते तिनं पाहिलंय, आणि ते ती सांगत नाही. आम्ही बोटीचं नाव काढलं तेव्हा हातातली शेंग मोडायची थांबली. मग म्हणाली, “दोघांना पोहता येतं?” येत नाही. “मग मी येते.”

आत्या पंच्याऐंशीच्या पुढची आहे. पण तिला पोहता येतं.

अमेरिकेचा व्हिसा, लाखांतलं भाडं आणि पाच हजार पोटं या सगळ्याचा निकाल असा परस्पर लागला. आत्याला पांढऱ्या रात्रीला न्यायची माझी तयारी आहे, पण ती मोटर चालवायला कुणाला सांगेल याचा नेम नाही. पनवेलच्या एजंटबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या आनंदल्या. “आजी आहेत ना सोबत? मग फॅमिली पॅकेजमध्येच टाकते. एकाच केबिनमध्ये तिसरा माणूस स्वस्त पडतो.” इतकी वर्षं कायद्याला जमलं नाही ते आत्यानं शेंगा मोडता मोडता केलं. “बेड तिघांचे सेपरेट ना, सर?”

मी आणि हा एकमेकांकडे बघत राहिलो. आत्यानंच फोनकडे तोंड केलं.

“त्या दोघांचे जोडा, बाई. आणि मधे काहीतरी घट्ट घाला. आमच्याकडे येतात तेव्हा धाकटा रोज पहाटे फटीत जातो.”

एजंटबाईंनी ‘धाकटा’ कोण ते विचारलं नाही. मी मुद्दाम सांगितलं.