हरणाचं निमित्त

शिकार करायची म्हणून माणूस बंदूक घेतो, असं आपल्याकडे भाबडेपणाने मानलं जातं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मी पाहिलेला क्रम बरोबर उलटा होता. तिथे काही माणसांना बंदूक घडवायची असते, त्यासाठी घरच्यांना पटेल असं कारण लागतं, म्हणून ती शिकारीला जातात. हरीण निमित्तमात्र. माझ्या मुलाच्या घराशेजारचे गृहस्थ याच पंथातले. सत्तरीला टेकलेले, कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि गाडी उघड्यावर ठेवून गराजमध्ये लेथ बसवलेले. जिथे हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडतं, तिथे गाडी बाहेर आणि लेथ छपराखाली ठेवणारा माणूस आपलाच, हे मला वेगळं सांगावं लागत नाही. माझी उभी हयात पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. मनातल्या मनात मी त्यांचं नाव अण्णा ठेवून टाकलं.

ओळख लेथच्या आवाजावरून झाली. कुंपणापलीकडून मी म्हटलं, "पुढचं बेअरिंग बोलतंय." आधी ते दुखावले, मग त्यांनी कान लावला, आणि मग गराजचं दार माझ्यासाठी कायमचं उघडलं.

"डिअर रायफल करतोय," अण्णा म्हणाले. "या नोव्हेंबरपर्यंत तयार होईल."

"मागच्याही नोव्हेंबरपर्यंत होणार होती," आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला.

मुलाला हे कळलं तेव्हा त्याने पहिला हुकूम सोडला, "बाबा, बंदुकीला हात लावायचा नाही. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात." तिथला कायदा खरंच तसा आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले, तर पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी माणसाने बंदूक बाळगायची नाही. पण त्याच कायद्यात एक गंमत आहे. त्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे नुसता रिसीव्हर. ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि ज्यावर नंबर कोरलेला असतो, तो मधला पोलादी सांगाडा. दुकानातून घ्यायचा तर तो परवानेवाल्या दुकानदाराकडून, कागदपत्रं भरून घ्यावा लागतो. नळी, दस्ता, चाप या साऱ्या वस्तू मात्र पोस्टाने घरपोच येतात. हे ऐकल्यावर मी मुलाला विचारलं, "म्हणजे दस्ता हे कायद्याने नुसतं लाकूड?" तो नाइलाजाने हो म्हणाला. अशा रीतीने त्या रायफलीच्या लाकडाचा कारभार माझ्याकडे आला.

अण्णांचा रिसीव्हर एका जुन्या लष्करी माउझरचा होता. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझरने ही रचना केली आणि १८९८ साली जर्मन सैन्याने ती घेतली. बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मूठ खाली पाडायची, की काडतूस नळीत जाऊन मागचं दार पक्कं बंद. बोल्टच्या अंगाला पोलादाची एक लांब पट्टी असते. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की तिचा आकडा त्याची कड पकडतो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. अमेरिकेने पुढे आपली १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली, तेव्हा ती माउझरच्या इतकी जवळची निघाली की सरकारला माउझर कंपनीला रॉयल्टी मोजावी लागली. सव्वाशे वर्षांत नव्या पद्धती पुष्कळ आल्या, पण बोल्टची रायफल घडवणारे आजही ओबर्नडॉर्फचं नाव आदराने घेतात.

आदर होता म्हणून अण्णांनी त्या माउझरमध्ये काही शिल्लक ठेवलं होतं असं मात्र नाही. नळी नवी घेतली. लष्करी बोल्टची मूठ दुर्बिणीला अडते, म्हणून ती कापून दुसरी जोडली. सेफ्टीची जुनी कळ उभी राहते, तीही दुर्बिणीला लागते, म्हणून आडवी सरकणारी बसवली. चाप दोन टप्प्यांत लागायचा, तो बदलला. दस्ता तर मिळाल्या दिवशीच अडगळीत गेला. मूळचं काय राहिलं म्हणून पाहिलं तर तेवढा नंबरवाला सांगाडा, म्हणजे कायद्याने पूर्ण बंदूक.

माझा शिकारीशी संबंध जिम कॉर्बेट वाचण्यापुरता. अण्णांना मी सांगितलं की आमच्या कुमाऊंमध्ये ४३६ बळी नावावर असलेली चंपावतची वाघीण कॉर्बेटने १९०७ साली मारली, आणि त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराने त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. तीही माउझर पद्धतीचीच. अण्णा खूष झाले. मग मी पुढचं सांगितलं. रायफल मिळाली ती वाघीण मारून झाल्यावर. प्रत्यक्ष शिकारीत जवळची काडतुसं संपली आणि शेवटचा बार कॉर्बेटने तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीने काढला. तिची नळी आणि मागचा भाग यांच्यात डोळ्यांनी दिसेल एवढी फट होती.

"फट?" अण्णांनी हातातली कानस खाली ठेवली. "किती थाऊंची?"

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ भरतो. नळीत काडतूस बसल्यावर मागे किती जागा उरते, हे तपासायला अण्णांकडे 'गो' आणि 'नो-गो' असे दोन गेज होते आणि दोघांमध्ये फरक मोजक्या थाऊंचा. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. कॉर्बेटच्या फटीत अण्णांचे सगळे गेज एकावर एक ठेवले तरी बसले असते. वाघीण मेली यापेक्षा ती बंदूक पास कुणी केली, याचाच अण्णांना जास्त धक्का बसला.

लेथवर नळी चढली तो दिवस आम्ही दोघांनी उपासाच्या निष्ठेने पाळला. फोर-जॉ चकमध्ये नळी धरून, डायल लावून, एक जॉ किंचित सैल, समोरचा किंचित घट्ट, असं करत काटा स्थिर करायचा. मी लांब उभा राहून नुसतं "अजून अर्धा" म्हणत होतो. बोलायला व्हिसा लागत नाही. नळीच्या तोंडाची कड शेवटी ११ अंशांत आत उतरती कापली. गोळी बाहेर पडताना मागचा वायू चोहोबाजूंनी एकाच क्षणी सुटला पाहिजे. तिथे एका बाजूला बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची कड, राहिली, की गोळी दुसरीकडे कलते.

मग माझं खातं सुरू झालं. दस्त्यासाठी अण्णांनी अक्रोडाचा ठोकळा आणला होता. रेघारेघांचा, धुरकट, मधासारख्या रंगाचा. असल्या उत्तम ठोकळ्याची किंमत हजार डॉलरच्या पुढेही जाते. माझी बायको, म्हणजे आमची ही, म्हणाली, "एवढ्या पैशांत अक्रोड किती आले असते!" त्या ठोकळ्यात रिसीव्हर बसेल अशी खाच कोरायची. पोलादाला काळा रंग फासायचा, लाकडात दाबायचं, उचलायचं, जिथे काळं उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा दाबायचं. टूलरूममध्ये आम्ही निळा मारून असंच स्क्रेपिंग करायचो. सांगाडा लाकडाला सगळीकडे सारखा टेकला पाहिजे आणि नळीने मात्र लाकडाला कुठेही शिवता कामा नये. नाहीतर बार सुटताना नळीची थरथर अडखळते आणि नेम भटकतो. हे तपासायचं सर्वमान्य अमेरिकन उपकरण म्हणजे एक डॉलरची नोट. ती नळी आणि लाकूड यांच्यामधून रिसीव्हरपर्यंत न अडकता सरकली पाहिजे. एवढा पैसा ओतल्यावर त्यातला एक डॉलर तरी सुखरूप परत येतो, हे पाहून बरं वाटलं.

पुढे जवसाचं तेल. हाताच्या तळव्याने, ऊब येईपर्यंत चोळायचं. जुन्या लोकांचा नियम असा, की आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि मग आयुष्यभर वर्षाला एकदा. मी रोजच्या हप्त्यावर होतो. हिने एकदा बरणी हुंगून "चटणीचं जवस ना हे?" असं विचारलं आणि माझ्या गुडघ्यांना इतक्या वर्षांत कुणी असं तेल लावलं नाही, हे माझं वाक्य अर्ध्यातच तोडलं.

माझं लाकूड मऊ होत असताना अण्णा तिकडे पोलादावर गंज चढवत होते. कोकणात जन्मलेल्या माणसाला हे पाहवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात विळी, कोयती, सुटकेसची कडी, सगळं फुकट गंजतं. इथे अण्णा नळीला रसायन पुसून, दमट पेटीत टांगून, तांबूस गंज येण्याची वाट बघत. आला की उकळत्या पाण्यात बुडवायचं. तांबडा गंज काळा होतो. तो तारेच्या मऊ लोकरीने घासायचा आणि पुन्हा गंजवायला ठेवायचं. असे थरावर थर दिले, की त्या पोलादाला जी निळसर काळी झाक येते ती कुठल्याच रंगाला येत नाही. काळा झालेला गंज पुढे तांबड्या गंजाला वाव देत नाही, हे शास्त्र मला पटलं. पण आमच्या घरच्या विळीला हे सांगायला आता उशीर झाला होता.

गोळ्याही घरच्याच. अण्णांच्या रायफलीचं .३०-०६ हे काडतूस १९०६ सालचं, आणि त्याची शिकारी गोळी बहुधा १८० ग्रेनची. ग्रेन हे सोनाराचं जुनं माप. मी सहज हिशेब केला तर १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा! हे ऐकून ही पहिल्यांदाच गराजमध्ये आली. आत शिसं आणि वर तांब्याचं कवच आहे असं कळल्यावर लगेच परतही गेली.

एव्हाना हिचं हरणांबद्दलचं मत बदललं होतं. सुरुवातीला मागच्या अंगणात पांढऱ्या शेपटीची हरणं आली की ही खिडकीतून "अगंबाई, सीतेला मोह पडला तो उगाच नाही" म्हणायची. मग तिने अंगणात वाल लावले. वेल मांडवावर चढले, फुलं आली, आणि एका सकाळी मांडवावर नुसत्या काठ्या उरल्या. त्या दिवसापासून हिंडताफिरताना ती मला विचारू लागली, "अहो, त्यांची बंदूक कधी होणार आहे?" आमच्या शाकाहारी घरात एवढ्या आतुरतेने बंदुकीची वाट कुणी पाहिली नव्हती.

ऑक्टोबरात रायफल उभी राहिली आणि आम्ही चाचणीला गेलो. मी कानांत बोळे घालून मागे. शंभर यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, कागद. अण्णांनी तीन बार काढले. तिन्ही छिद्रं एका इंचात. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण अण्णांचा चेहरा पडलेला. दोन छिद्रं एकमेकांत मिसळली होती आणि तिसरं जरासं बाजूला होतं.

"तिसरी पळाली," ते म्हणाले.

हरणाच्या छातीत जिथे गोळी लागली पाहिजे, ती जागा जेवणाच्या ताटाएवढी असते. तेवढ्यासाठी दुकानात चार-पाचशे डॉलरला मिळणारी नवी कोरी रायफलही पुरते, आणि हल्ली तीसुद्धा शंभर यार्डांवर इंचाच्या आसपास मारते. हे मी अण्णांना सांगितलं नाही. टूलरूमच्या माणसाला "चालतंय की" म्हणणं हा त्याचा अपमान असतो. गिऱ्हाइकाला दहा थाऊ चालत असताना एक थाऊसाठी रात्रपाळी केलेले आम्ही लोक. ग्राहक खूष झाला की काम संपतं, असं मानणारे पुढे मॅनेजर होतात. अण्णांनी स्क्रू सोडले, दस्ता काढला, आणि रिसीव्हर लाकडात पक्का बसावा म्हणून त्याच्याखाली दिलेला इपॉक्सीचा थर पुन्हा घातला. त्यांच्या पत्नीने कॅलेंडरवरचा नोव्हेंबर बोटाने दाखवला आणि काही न बोलता निघून गेल्या.

विस्कॉन्सिनचा मुख्य बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी सुरू होतो आणि त्यासाठी पाच लाखांहून जास्त माणसं परवाना काढतात. गोळी चुकून एकमेकांना लागू नये म्हणून सगळ्यांनी भडक नारिंगी कपडे घालायचे. हरणांना तो रंग नीट कळत नाही, माणसांना कळतो. २०१६ पासून भडक गुलाबीही कायद्याने चालतो.

त्या शनिवारी पहाटे पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. अण्णा नारिंगी डगला घालून निघाले, पण त्यांच्या हातात वडिलांची जुनी रायफल होती. कारखान्यात बनलेली, दस्त्याला चरे पडलेली, निळाई उडालेली. दुपारी ते हरीण घेऊन परतले. एका गोळीत. मी विचारलं, "आणि आपली?"

"या असल्या पावसात?" अण्णा दचकलेच. "अक्रोडाचं लाकूड ओल धरतं, फुगतं, नेम सरकतो. शिवाय चरा पडला तर?"

आमच्या घरी बोन चायनाच्या कपबश्यांचा एक सेट लग्नापासून शोकेसमध्ये आहे. पाहुणे आले की त्यांना तो दाखवतात आणि चहा स्टीलच्या पेल्यात देतात. त्यामुळे मला पुढचं समजावून घ्यायची गरज पडली नाही. अण्णांनी मात्र यावर उपाय शोधला होता. टेबलावर नवा नकाशा पसरलेला. स्टेनलेस स्टीलची नळी, दस्ता फायबरग्लासचा, पाऊस लागो, चरा पडो, काही बिघडायचं नाही. "ही खास बाहेर न्यायची," ते म्हणाले. "पुढच्या नोव्हेंबरपर्यंत होईल."

रात्री जेवताना मी हे सगळं हिला सांगितलं. तिने ताटातला घास तसाच ठेवून हिशेब मांडला. "म्हणजे पहिली बंदूक हरणांसाठी, आणि दुसरी बंदूक पहिलीला पाऊस लागू नये म्हणून. दुसरीलाही ते असंच तेलपाणी करणार, म्हणजे तिच्यासाठी तिसरी. हे त्या हरणांना आधीपासून ठाऊक असणार हो. नाहीतर बंदूकवाल्याच्या शेजारी येऊन माझे वाल खायची त्यांची काय टाप होती!"