पहिल्या रांगेत कोण?

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतल्या एखाद्या मराठी शाळेत नववी-दहावीच्या मुलींचा नाच बसवायचा असला, की गाण्यापाशी काही अडत नाही. मोबाइल उघडला की अहिराणी गाण्यांचा रतीब चालूच असतो. अडतं ते पहिल्या रांगेपाशी. तालीम सुरू होऊन एक दिवस होत नाही तोच फाटकापाशी एक आई उभी राहते आणि डान्सच्या बाईंना गाठून विचारते, "बाई, मनी पोर मांगे काबर उभी शे?"

बाईंकडे खरं उत्तर असतं. पोर उंच आहे. पण उंची सांगितली की लगेच दुसऱ्या उंच पोरीचं नाव निघतं, जी पुढे उभी आहे आणि जिच्या वडिलांनी शाळेला पाण्याचा कूलर दिला आहे. म्हणून बाई म्हणतात, "तिसऱ्या कडव्याला ती पुढे येणार आहे, ताई." आणि घरी जाऊन तिसऱ्या कडव्यात रांगा बदलायची सोय करतात. शाळेच्या नाचात रांगांची एवढी अदलाबदल का असते, याचं कुणी कलात्मक स्पष्टीकरण देऊ लागलं तर ऐकून घ्यावं. खरं कारण फाटकापाशी उभं असतं.

ही आई बहुधा जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबारकडची. नवरा लूमच्या खात्यावर बारा तासांच्या पाळीला जातो आणि ती घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम आणते. सुरत-भुसावळ रेल्वेने आलेला खानदेश इथे असा काही रुजलाय की लिंबायतच्या आमदार आहेत संगीता पाटील आणि नवसारीचे खासदार सी. आर. पाटील तर मूळचे जळगाव जिल्ह्यातले. महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शिकवतात. नाच बसवताना मात्र सातही माध्यमांचं पाठांतर एकच: फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.

आणि घोळ तिथेच होतो. सिनेमाच्या गाण्याला आठचा काउंट चपखल बसतो, पण गरब्याचा हिंच ताल सहा मात्रांचा. ढोल सहाचा आणि बाई आठपर्यंत मोजणार! पोरी सहावर टाळी देऊन पुढच्या फेरीला लागतात, सात आणि आठ बाईंच्या तोंडातच राहतात. बरं, मोजणं थांबवून नुसता ढोल लावला तर एकीचीही टाळी चुकत नाही. दर नवरात्रात सोसायटीच्या आवारात बे ताली, त्रण ताली खेळून खेळून ती त्यांच्या पायांत मुरलेली असते. तरीही मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहिले की बाई मोठ्याने मोजायला लागतात. नाहीतर बाई शिकवतात काय, असा प्रश्न निघायचा.

गरब्यात आणखी एक मोठी सोय असते, ती म्हणजे गोल. मध्ये गरबो, म्हणजे भोकं पाडलेला आणि आत दिवा लावलेला मातीचा घट, आणि भोवताली सगळ्याजणी. गोलाला पहिली रांग नसते आणि शेवटचीही नसते. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यामागे मोठमोठी कारणं असतील. बाईंना हे एकच पुरलं असतं. पण तोच गोल शाळेच्या स्टेजवर आणला की निम्म्या पोरींची प्रेक्षकांकडे पाठ होते. ज्या आईला मागची रांग चालत नाही तिला पाठ कशी चालेल? मग गोल फोडून त्याची नाल करायची, तिच्या दोन तिरक्या ओळी करायच्या, ओळींतून पुन्हा नाल. स्टेजही एवढंसं, की सोळा घागरे एकदम फिरले तर कडेच्या दोघी विंगेत जातात आणि तिथून हसत परत येतात. पुढच्या वर्षी बाई तीच स्टेप म्हणून बसवतात.

पोरींकडे तोंड करून शिकवायचं तर डावा म्हणताना स्वतःचा उजवा पाय टाकावा लागतो. ते जमायला बाईंना वर्षं लागतात, पोरींना मात्र डावा-उजवा आजच्या आज कळायला हवा असतो. त्यावर रबरबँडचा तोडगा निघाला: उजव्या मनगटात लाल रबरबँड, आणि बाईंनी "लाल" म्हटलं की तो हात वर. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी एक पोर दोन्ही मनगटांत लाल रबरबँड घालून आली. कारण विचारलं तर म्हणाली, "एका हातात बरं दिसत नाही, बाई."

गुजरातेत नाच शिकवणाऱ्यांचे दिवस पूर्वी बरे होते. 1880 मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचं तंजावरच्या राजकन्या चिमणाबाईंशी लग्न झालं, तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी आणि त्यांचे गुरूही बडोद्याला आले. दरबारात कलावंतांचं रीतसर खातं होतं, त्याची नियमावली होती, पगार होता. नर्तकी दोनच, गौरा आणि कांतिमती, त्यामुळे पहिल्या रांगेचा तंटा संभवत नव्हता. शाळेतल्या बाईंना वार्षिकोत्सवात गुलाबाचं फूल मिळतं, तेही प्रमुख पाहुण्यांचं देऊन उरलं तर.

मुलांचा गट वेगळा. त्यांना शिवजयंतीला पोवाडा आणि अफजलखान हवा असतो. तो मिळतो. सुरतेची स्वारी मात्र कार्यक्रमपत्रिकेत कधी येत नाही. महाराज जानेवारी 1664 मध्ये इथे आले, ऑक्टोबर 1670 मध्ये पुन्हा आले. पण प्रमुख पाहुणे इथलेच व्यापारी असतात आणि त्यांच्याकडून पंख्यांची देणगी अजून यायची असते.

दुसरी मागणी पिरॅमिडची. मुंबईचा व्ही अनबीटेबल हा संघ फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेत 'अमेरिकाज गॉट टॅलेंट: द चॅम्पियन्स' जिंकून आला, त्याचे व्हिडिओ मुलांना तोंडपाठ आहेत. हवेत एकाला फेकायचं आणि पलीकडे झेलायचं. कोणाला फेकायचं हे ठरलेलं असतं, झेलणार कोण यावर एकमत नसतं. त्या संघाच्या नावातला 'व्ही' कुणाचा हे बाई मग मुलांना सांगतात: तालमीत जखमी होऊन गेलेल्या विकास नावाच्या साथीदाराचा. वर्ग थोडा वेळ गप्प होतो आणि लेझीम हातात घेतो. चार आवाज, एक जगह, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. सांगलीला 26 जानेवारी 2014 रोजी 7,338 जणांनी एकत्र लेझीम खेळून गिनीज बुकात नोंद केली. त्या मैदानात पहिली रांग कुणी ठरवली, त्या माणसाला बाईंना एकदा भेटायचंय.

कपड्यांचं सुरतेत सोपं. कुणाचे तरी वडील पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये असतात, सेकंडच्या मालातून ओढण्या निघतात. छपाईतल्या मोराचं डोकं एका ओढणीवर असतं आणि पिसारा दुसरीवर. शेजारीशेजारी उभं केलं की मोर पुरा होतो. रांग लावायला बाईंना आणखी एक कारण.

सगळ्यात अवघड काम हजेरीचं. पंधरा ऑगस्टची तालीम ऐन रंगात येते आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर खानदेशची देवी कानबाई बसते. रोटाच्या जेवणाला सगळे भाऊबंद जमायचे, म्हणजे अर्धा संघ भुसावळच्या गाडीत आणि उरलेला अर्धा इथल्याच कानबाईपुढे. सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघते. शाळेत "बाई, पाय दुखतात" म्हणून भिंतीला टेकून बसणारी पोर तिथे डीजेपुढे दुपारपासून नाचत असते. तिथे तिला काउंट लागत नाही, रबरबँड लागत नाही. बाई फुटपाथवरून बघतात. तिची एखादी गिरकी इतकी फक्कड असते की बाई ती मुकाट्याने उचलून नाचाच्या शेवटाला घालतात. मंगळवारी तीच गिरकी त्याच पोरीला शिकवायला गेलं तर म्हणते, "अवघड आहे, बाई."

गुजरात सरकारचा कला महाकुंभ आला की नवी अडचण. तिथे सहा ते चौदा वर्षांचा एक गट आणि पंधरा ते वीसचा दुसरा. नववीचा वर्ग नेमका त्या रेघेवर बसलेला. जूनमध्ये एकजीव झालेला संघ जन्मतारखांनी दुभंगतो आणि ज्यांच्या आया वर्षभर पहिल्या रांगेसाठी भांडल्या, त्या पोरींना अचानक रांगच उरत नाही. चौदा वर्षांच्यांसाठी बाई तोच नाच पुन्हा बसवतात, थोड्या लहान स्टेजला बसेल असा.

एवढं करून नाच शाळेत राहत नाही. अक्षयतृतीयेच्या सुमाराला, म्हणजे आखाजीला, खानदेशात लग्नांची गर्दी उडते. अमळनेर-शिरपूरकडच्या हळदीत करवल्या तीच नाल आणि त्याच दोन तिरक्या ओळी करताना स्टेटसवर दिसतात. अलीकडे बाईंना हळदीचे नाच बसवायची बोलावणीही येतात. रोख पैसे मिळतात, शिवाय पहिल्या रांगेचा वाद नसतो, कारण मधोमध नवरी. फक्त परवा एका घरी नवरीच्या आत्यांनी बाईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, तिसऱ्या कडव्याला नवरीला जरा मागे घेता येईल का?