दोन दिवसांत परीक्षण

शोधनिबंध छापण्याआधी त्या विषयाच्या जाणकाराने वाचावा, ही रीत लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३०च्या दशकात रुजवली. पुढे आपल्याकडे प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंध मोजले जाऊ लागले आणि जाणकाराची जागा पावतीपुस्तकाने घेतली. पैसे भरा, दोन दिवसांत ‘परीक्षण’ पूर्ण, शुद्धलेखनाच्या चुकांसकट! रांजणगाव एमआयडीसीतल्या कारखान्यात साधा नट-बोल्टही तपासणीत इतक्या सहज पास होत नसेल. पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त यादीत शिरलेली नियतकालिके तपासली. नमुन्यातली ८८ टक्के निकृष्ट निघाली. त्याच वर्षी यूजीसीने यादीतली ४,३०५ नावे उडवली. मग यूजीसीचीच नवी ‘केअर’ यादी आली. २०२५ मध्ये तीही गुंडाळली. आता नियतकालिकांची पारख ज्याच्या त्याच्या महाविद्यालयाकडे.