जलजागृती सप्ताह : गृहनिर्माण संस्थांसाठी कार्यपद्धती

जलजागृती सप्ताह म्हणजे पाण्याविषयी बोलण्यासाठी राखून ठेवलेले सात दिवस. 22 मार्च हा जागतिक जल दिन 1993 पासून पाळला जातो. महाराष्ट्रात 2016 पासून त्याला आधीचे दिवस जोडून 16 ते 22 मार्च असा सप्ताह साजरा होतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. जागृती झाली की लगेच पाणी येते अशी अपेक्षा ठेवू नये, एवढाच याचा अर्थ. पुढील पद्धत पुण्यातल्या मध्यम आकाराच्या सोसायटीला धरून सांगितली आहे.

प्रथम फलक. तो फ्लेक्सचा असावा, त्यावर डोळे असलेला निळा थेंब काढावा आणि कार्यकारिणीचे फोटो थेंबापेक्षा लहान नसावेत. पाणी वाचवणे ही सर्वांची जबाबदारी आहे, हे वाक्य ठळक छापावे. फ्लॅट नंबर, नाव किंवा लिटरचा आकडा कोठेही येऊ देऊ नये. आकडा आला की लोक त्यात आपला वाटा शोधू लागतात आणि सप्ताहाचे वातावरण बिघडते.

यानंतर जबाबदारीचे वाटप करावे. याचा उत्तम नमुना गच्चीवरच्या टाकीत पाहावयास मिळतो. टाकीचा बॉलकॉक अडकलेला असतो. तो बदलणे प्लंबरचे काम. प्लंबरला बोलावणे सेक्रेटरीचे, सेक्रेटरीला सांगणे वॉचमनचे. आणि वॉचमनने मागच्या सेक्रेटरींना सांगितलेले असते. पहाटे पंप सुरू करून वॉचमन नळी घेऊन गाड्या धुवायला जातो. थोड्या वेळाने ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी धो धो खाली पडू लागते. पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून हाका मारतात. ग्रुपवर ‘टाकी वाहतेय, कोणीतरी बघा’ असा मेसेज पडतो, त्यावर तिघे हात जोडतात, एक जण कालही असेच झाल्याचे कळवतो. पंपाचे बटण जिन्याखाली, सर्वांच्या हाताला येईल असे असते. ते वॉचमन परत आल्यावर बंद करतो. यालाच सामूहिक जबाबदारी म्हणतात, आणि ती पार पाडताना प्रत्येकाने आपले काम केलेले असते.

घरातल्या पाण्याचे नियोजन गुरुवारवर बेतावे, कारण दुरुस्तीसाठी पुण्यात पाणी बंद राहते ते बहुधा गुरुवारी. बुधवारी रात्री पिंप, बादल्या, कळश्या, कुकर आणि दिवाळीत काढायचा मोठा टोप भरून ठेवावा. गुरुवारी काटकसरीने वागावे. शुक्रवारी नळ आला की कालचे पाणी शिळे होते, म्हणून ते मोरीत ओतून सर्व भांडी ताज्या पाण्याने पुन्हा भरावीत. हे पाणी धरणात गेल्या पावसाळ्यापासून साठलेले होते आणि तेथे शिळे झाले नव्हते, याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. आरओ यंत्राची बारीक नळी सिंकमध्येच सोडलेली असावी. ती बादलीत सोडली तर बादली रोज भरते, आणि मग फरशी पुसण्यासाठी तेच पाणी वापरावे लागते.

सप्ताहाच्या मध्यावर व्याख्यान ठेवावे. वक्त्याने हिवरे बाजारचा उल्लेख करणे आवश्यक आहे. गावाने श्रमदान केले, पाणी अडवले, येथे टाळ्या घ्याव्यात. मात्र त्या गावात पडलेला पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिके त्यावरून ठरवतात आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे, हा तपशील वेळेअभावी गाळावा. नाहीतर एखादा सभासद उठून प्रत्येक फ्लॅटला मीटर बसवा म्हणेल. टँकरचे बिल सर्वांत समान वाटण्याची रीत जुनी व सोयीची आहे: दोन माणसांचे बिऱ्हाड आणि शॉवरखाली अर्धा तास गाणारे पाच जणांचे कुटुंब सारखेच पैसे भरतात, आणि भांडण सगळे पार्किंगवरून होते.

पावसाचे पाणी साठवण्याविषयी थोडक्यात. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 2 लाख 80 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 28 टँकर होतात. सगळे हाती लागत नाही; निम्मे लागले तरी 14 टँकर. पण त्यासाठी बिल्डरने केलेला शोषखड्डा आधी शोधावा लागतो. त्यावर सहसा कोणाची तरी गाडी उभी असते.

शेवटी अहवाल. त्यात फोटो, उपस्थिती आणि खर्च (फ्लेक्स, शाल, नारळ, चहा, पाण्याच्या बाटल्या) द्यावा. पाहुण्यांनी दोन घोट घेऊन ठेवलेल्या बाटल्यांची नोंद करण्याची प्रथा नाही. बॉलकॉकची खरेदी कार्यकारिणीच्या अधिकारात येत असली, तरी हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे इष्ट. ही सभा सप्टेंबरअखेर भरते. तेव्हा धरणे भरलेली असतात आणि चर्चा गच्चीच्या गळतीवर चालते.