वास्तुपुरुषास अनावृत पत्र

प्रति,
श्री. वास्तुपुरुष महाराज,
आग्नेय कोपरा, फरशीखाली,
माजरी, तालुका भद्रावती.

विषय : संडासाचा पाईप तुंबल्याबाबत.

महाराज, शिरसाष्टांग नमस्कार.

वास्तुशांतीला भटजींनी आपल्याला पंचरत्नांसह पालथे निजवले, वर सिमेंट ओतले आणि आम्ही जेवायला बसलो. तेव्हापासून फरशीखालची खबर असणारे आपण एकटेच. म्हणून तक्रार थेट आपल्याकडे.

इंजिनिअरने संडास ईशान्येला काढला होता. भिंतीतून पाईप निघाला की हातभरावर चेंबर आणि पलीकडे टाकी. मग आपल्या नावाने फी घेणारे वास्तुतज्ज्ञ आले. म्हणाले, ईशान्य देवाची, संडास वायव्येला न्या. नेला. टाकी मात्र खोदून झाली होती, ती जागची हलली नाही. म्हणून पाईप आख्ख्या घराखालून टाकीपर्यंत आला. ज्या देवघराला विटाळ नको म्हणून हा खटाटोप, त्याच्याच खालून सगळ्या घराचा मैला जाऊ लागला. जात होता तोवर तक्रार नव्हती.

ढाळाचे विचारले, तर ठेकेदार म्हणाला, "काही नाही होत, भाऊ." आपण सवयीने तथास्तु म्हणालात की काय?

इथली जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाया मुरमाला टेकवला. पाईप मात्र सैल भरावावर टाकला, खाली ना वाळू, ना धुम्मस. पहिल्याच पावसाळ्यात तो मधोमध बसला. चार इंची पाईपला चाळीस फुटांमागे फूटभर ढाळ हवा. आमच्याकडे आधी खड्डा, मग चढ. पाणी पुढे सरकते, मैला खड्ड्यात मुक्काम करतो. त्यात वळणावर काटकोनी एल्बो आणि साफ करायला मध्ये एकही चेंबर नाही. ॲसिड ओतले, ॲसिडने ढाळ येत नाही. स्प्रिंग घातली, ती एल्बोला अडली. ठेकेदाराने खाणीतल्या ब्लास्टिंगला दोष दिला. माजरीत दूध उतू गेले तरी दोष ब्लास्टिंगलाच!

शेजाऱ्यांनी सुचवले, टाकीत माणूस उतरवा. आणि हे कोळशाच्या गावात! वायू तपासल्याशिवाय खाणीत पाऊल ठेवायचे नाही, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक. सेप्टिक टाकीतला वायू काय मुहूर्त पाहून मारतो? संरक्षक साधनांशिवाय असे कुणाला उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या वास्तुदोषाचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या जिवाने कशाला?

शेवटी फरशी फोडली नाही. जुन्या पाईपची दोन्ही तोंडे बंद केली. तो आता आपला कायमचा सोबती. नवा पाईप घराबाहेरून, वाळूच्या थरावर, प्रत्येक वळणाला चेंबर देऊन नेला. घरभाड्यात वाचवू म्हटलेले पैसे असे मातीत गेले.

तेव्हा महाराज, पुढच्या प्लॉटवर आपली नेमणूक झाली की एवढे करा. भराव पडण्याआधी ढाळ मोजायला लावा. वरून बादलीभर पाणी ओतून ते चेंबरात पडलेले यजमानाला दाखवा. पाईप कुठून गेला त्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. यातले काही राहिले असेल, तर दक्षिणा कितीही येवो, तोंडातून तथास्तु काढू नका.

आपला कर्जबाजारी यजमान