आधी बहिणीची सही थांबवा

बापाचा तेरावा उरकतो. लेकी अजून माहेरीच असतात. आणि मग भाऊ जवळ येऊन बसतो. "ताई, एक सही लागेल. कागद अडलेत." दुसऱ्या दिवशी गाडी दुय्यम निबंधकाच्या दारात उभी. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, शे-पाचशेचा मुद्रांक. अर्ध्या तासात हक्कसोडपत्र नोंदवून होतं. येताना हॉटेलात जेवण, निघताना एक साडी. कुणी हात उगारलेला नसतो, आवाजही चढवलेला नसतो. तरी एका बाईचं आयुष्यभराचं छप्पर तिथे काढून घेतलेलं असतं.

घणसोलीपासून उरणपर्यंत, गावठाणात ज्याचं लहानपण गेलं त्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या आईने अशी सही केलेली असते, आत्यानेही.

जगात स्त्रियांचा छळ कधी संपेल का, असं विचारलं की आपल्याकडे 8 मार्चची भाषणं निघतात. माझं उत्तर आहे : संपू शकतो. पण तो संपण्याची सुरुवात व्यासपीठावर होणार नाही. ती सातबाऱ्यावर होईल, घराच्या करारनाम्यावर होईल. हे भाबडेपणाने म्हणत नाही. बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास केला. 2005मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, अशांपैकी 49 टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्लेला होता. फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असलेल्यांत 10. दोन्ही असलेल्यांत 7. शिक्षण, उत्पन्न असे बाकीचे फरक हिशेबात धरले तरी मालमत्तेचा परिणाम उरलाच. 49 आणि 7. मार खाणारी बाई घर सोडत नाही, कारण जायला जागा नसते. ती जागा आपणच तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काढून घेतलेली असते.

नवी मुंबईत हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा टोकदार आहे, कारण इथे जमिनीचं सोनं झालं. 1970मध्ये नवं शहर वसवायला सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीवरची मासेमारी आटली. जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक जासईला, पागोट्याला रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मा झाले. त्या गर्दीत आगरी-कोळी बायकाही होत्या. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला आणि प्रकल्पग्रस्तांना पहिल्यांदा काहीतरी परत आलं.

पुढे काय झालं? भूखंड मंजूर करायला वारसांची यादी लागली. यादीत बहिणी निघाल्या. मग हक्कसोडपत्रं आली, मग बिल्डरबरोबर त्रिपक्षीय करार झाले आणि भूखंडावर सात मजले चढले. शेतात चिखलणीला, लावणीला जी वाकली, मिठागरात जिने टोपल्या वाहिल्या, ती या सात मजल्यांत एका खोलीचीही मालकीण नाही. आपल्या जमिनीवर सरकारने अन्याय केला म्हणून लढलेल्या समाजाने आपल्याच लेकींना त्याच जमिनीवरून उठवलं. मला या भागाचा, त्याच्या लढ्याचा अभिमान आहे, म्हणूनच हे झोंबतं.

कायदा आता आड येत नाही. उलट महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा देणारी दुरुस्ती आपण 1994मध्ये केली, केंद्राने 2005मध्ये. बाप 2005च्या आधी वारला असेल तर काय, हा घोळ उरला होता. 11 ऑगस्ट 2020ला सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला : हक्क जन्माने मिळतो, 2005ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा बाप हयात असण्याची गरज नाही. एवढं सगळं मिळालं आणि आपण ते एका सहीने परत देतो. सातबाऱ्यावर सुद्धा पाहा. भावांची नावं कब्जेदार सदरी, बहिणींची कितीदा तरी 'इतर हक्क' रकान्यात, कर्जाच्या बोज्याशेजारी.

"लग्नात दिलं की तिला." हे नेहमीचं उत्तर. लग्नात जे दिलं ते सासरच्यांनी घेतलं, मंडपवाल्याने घेतलं. तिच्या नावावर किती राहिलं ते सांगा.

"हिस्सा बहीण मागत नाही, जावई मागतो." यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. बायकोला पुढे करून मेहुण्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे आहेत. मग हिस्सा तिच्या एकटीच्या नावावर करा. पैसे असतील तर तिच्या एकटीच्या खात्यात भरा. जावयाच्या लोभाची शिक्षा लेकीला कशासाठी?

आणि तिसरं, सगळ्यात जिव्हारी लागणारं : "सही दिली नाहीस तर माहेर तुटेल." ज्या माहेराची किंमत एक हक्कसोडपत्र आहे, ते तुटलं नाही तरी आहे कुठे? घरातल्या वहिनीनेही तिच्या माहेरी अशीच सही केलेली असते. दोघी एकाच चुलीपाशी बसतात आणि दोघींच्या नावावर काही नसतं.

हे बदलतं, याचा पुरावा मात्र आपल्याच राज्यात आहे आणि तो शेतकऱ्यांनी दिला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986मध्ये चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं, लाखोंनी बायका आल्या. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्ती उभी राहिली. नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करायची. गावातल्या शंभर घरांनी केली की जोशी स्वतः त्या गावात जाऊन सत्कार करायचे. सक्ती नव्हती, दंड नव्हता. तरी अनेक गावांतल्या कर्त्या पुरुषांनी जमीन बायकोच्या नावावर केली. जमिनीला जिवापाड जपणाऱ्या माणसांनी हे केलं, तर ज्यांचे भूखंड आज कोटींत आहेत त्यांना जड का जावं?

जगही हलतं आहे. वंशसंहाराने उद्ध्वस्त झालेल्या रवांडाने 1999मध्ये मुलींना वारसाहक्क दिला. नेपाळने 2015च्या राज्यघटनेत लिहिलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगा-मुलगी भेद नाही. ट्युनिशियात 2018मध्ये समान वारशाचं विधेयक मंत्रिमंडळाने मान्य केलं आणि ते पुढे अडकलं. अडकलं, पण प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून निघाला, ही लहान गोष्ट नाही. इथे राज्यात एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर 2021पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. खारघर-उलव्यात नोकरी करणाऱ्या मुली स्वतःच्या नावावर फ्लॅट घेताना दिसतात, आणि त्यांना बघून मला खरोखर धीर येतो. ज्यांच्याकडे पगार नाही, त्यांच्यासाठी बापाचा हिस्सा हाच फ्लॅट आहे.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण तोच खेळ पुन्हा मांडला जातो आहे. 2024मध्ये अटल सेतू खुला झाला. विमानतळ आला. उरण, पनवेल, पेणच्या 124 गावांवर तिसऱ्या मुंबईचा आराखडा पडला आहे. पुन्हा जमिनी जातील, पुन्हा वारसांच्या याद्या होतील, पुन्हा गाड्या निबंधकाच्या दारात लागतील. भूसंपादनाच्या विरोधात तिथे सभा होत आहेत, व्हायलाच हव्यात. पण एका सभेत तरी कुणी विचारा की मोबदल्याच्या यादीत बहिणी किती आहेत.

नवी मुंबईतली गावं पालिकेत गेली, त्यांना ग्रामसभा राहिली नाही. उरण-पेणमधल्या गावांना अजून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022मध्ये विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा ग्रामसभेच्या ठरावाने बंद केली, आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारने तो कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. मग या गावांनीही दोन ओळींचा ठराव करावा : घरात मृत्यू झाल्यापासून वर्षभर कुणी बहिणीकडून हक्कसोड घेणार नाही, आणि वारस नोंदीत लेकींची नावं भावांच्या बरोबरीने कब्जेदार सदरी लागतील. ठरावाला कायद्याचं बळ नसेल, गावाच्या नजरेचं असेल, आणि तेराव्याला तेच लागतं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. बायांनो, ती सभा वहीत सह्या गोळा करून उरकू देऊ नका. विषय तिथे मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि तिथून ग्रामसभेत न्या.