परदेश, वांगेपल्लीच्या घाटावरून

माझ्या आजोबांनी अहेरीतल्या घराचा ओटा जन्मभर सोडला नाही, पण त्यांची राज्यं सारखी बदलत राहिली. जन्म मध्य प्रांतातला, तेव्हा राजधानी नागपूर. 1950 साली ते ओट्यावर बसल्या बसल्या मध्य प्रदेशात गेले, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 साली महाराष्ट्रात उतरले. मधल्या काळात अहेरीची जमीनदारी संपली. पुढं चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरही मागं टाकून आम्ही गडचिरोली जिल्ह्यात आलो. इतकी स्थलांतरं केलेल्या माणसाला परदेशस्थ म्हणायला मात्र कुणी तयार नव्हतं. मी एकदाच विमानात बसून फिनलंडमधल्या ओउलू नावाच्या शहरात आलो, तर गावात शाल-श्रीफळ झालं. सत्काराच्या भाषणात मी ‘अहेरीचा सुपुत्र’ होतो. त्याआधी त्या वक्त्यांच्या लेखी मी त्यांच्या किराणा दुकानातली एक थकलेली उधारी होतो.

खरं सांगायचं तर अहेरीच्या माणसाला परदेशाची सवय घरबसल्याच होते. वांगेपल्लीच्या घाटावर उभं राहिलं की समोर प्राणहिता आणि पलीकडं तेलंगण. आमच्या लहानपणी नाव होती, आता पूल आहे. पलीकडं गुडेम. तिथं मामेबहिणी दिलेल्या, इथं त्यांच्या नणंदा आलेल्या. बाजारात भाव मराठीत विचारायचा, घासाघीस तेलुगूत करायची आणि दुकानदाराला आपलं माडिया कळत नाही असं वाटलं की आपसात माडियात बोलायचं. त्याला ते कळत असतंच. हैदराबाद आम्हाला मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर. मुंबईला ‘आपली राजधानी’ म्हणताना आमच्याकडं अजूनही जीभ किंचित अडखळते.

या घाटाचा एक फायदा मला फार उशिरा समजला. जगाच्या बातम्या ऐकताना मी आपसूकच विचारतो, पलीकडच्या काठावर काय म्हणतायत? आमच्या शेजारच्या सिरोंचा तालुक्याला लागून गोदावरीवर मेडीगड्डाचं बॅरेज झालं. 21 जून 2019 ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या घरी दोन वाहिन्या आळीपाळीनं लागत. तेलुगू वाहिनीवर भगीरथानं पुन्हा गंगा आणली होती. मराठी बातमीत सिरोंच्याच्या शेतकऱ्याच्या वावरात पाणी घुसत होतं. बॅरेज एकच, पाणी एकच. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे खांब खचले तेव्हा दोन्ही वाहिन्या पहिल्यांदा एकच चित्र दाखवत होत्या, फक्त आवाज वेगळा होता. ज्यानं हे पाहिलंय त्याला संयुक्त राष्ट्रसंघातली भाषणं ऐकताना फारसं नवल वाटत नाही.

फिनलंडलाही एक काठ आहे. रशियाशी त्याची 1340 किलोमीटरची हद्द आहे, आणि ओउलूहून ती गाडीनं तीन-चार तासांवर येते. 4 एप्रिल 2023 ला फिनलंड नाटोत गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाकडची सगळी जमिनीवरची नाकी बंद झाली. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंची मावशी पलीकडं राहते. पूर्वी त्या सणाला जाऊन येत. आता फोन. त्या हे सांगत होत्या तेव्हा युद्धनीतीवर चार शहाणी वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती, ती मी गिळली. मला गुडेमच्या मामेबहिणी आठवल्या. उद्या कुणी वांगेपल्लीच्या पुलावर कुलूप लावलं तर अर्ध्या अहेरीचं हळदीकुंकू बंद पडेल.

ही नाकी बंद झाल्याची बातमी गावी पोचली तेव्हा बाबांचा फोन आला.

“तुह्या तिकडं लढाई लागून राहिली म्हंते.”

“इथं नाही बाबा. शेजारी.”

“शेजारीच ना? मंग तू इकडं ये ना बाबू. इथं का लागून राहिली लढाई?”

गंमत म्हणजे मी अहेरीहून शिकायला नागपूरला गेलो, तेव्हा नागपूरची माणसं मला हेच विचारत: तुमच्याकडं म्हणे रोज गोळीबार होतो, तुम्ही इथं का नाही येऊन राहत? प्रत्येक गावाच्या नशिबी बातम्यांनी एक ओळ लिहून ठेवलेली असते. गडचिरोलीच्या नशिबी नक्षलवाद, फिनलंडच्या नशिबी आनंद. 2018 पासून जागतिक आनंद अहवालात हा देश दरसाल पहिला येतो, आणि आमच्या बाबांनी ती बातमी कापून ठेवली आहे. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा पाहिला की ते म्हणतात, “आनंदी देशात राहतं, अन् तोंड असं काऊन?” त्या ओळीमागं काय चाललंय हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. गडचिरोलीत लग्नं होतात, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात, पोरं दहावीला गणितात नापास होतात. फिनलंडात माणसं नोव्हेंबरात उदास होतात आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या खातात. यातलं काहीच बातमीत बसत नाही.

2024 च्या नोव्हेंबरात इथल्या सरकारनं नागरिकांसाठी संकटकाळाची मार्गदर्शिका काढली. किमान बहात्तर तास स्वतःच्या बळावर तग धरता यावा, म्हणून घरात पाणी, कोरडं अन्न, रेडिओ, बॅटरी ठेवावी, असा इथला रिवाज. देशात पन्नास हजारांवर तळघरं आहेत, बॉम्ब पडले तर आत जाऊन बसायला. एरवी त्यात मुलं खेळतात, लोक सायकली ठेवतात. मी मोठ्या उत्साहानं ही सगळी सज्जता आईला सांगितली. ती म्हणाली, “तीनच दिवसांचं?” तिचं माहेर भामरागडकडचं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, म्हणून आधीच घरात तांदूळ, मीठ, मिरची, रॉकेल भरून ठेवायची रीत. रेशनचं चार महिन्यांचं धान्यही पाऊस लागण्याआधीच दुर्गम गावांत पोचवतात. नाटोला सल्लागार हवा असेल तर माझी आजी उपलब्ध होती, आता नाही.

मी काय काम करतो हे घरच्यांना समजावणं हा वेगळा प्रकार आहे. ओउलू हे मोबाइलच्या तंत्रज्ञानाचं जुनं ठाणं. नोकियाची रेडिओ उपकरणं इथं घडली, आणि 2018 साली इथल्या विद्यापीठात सहाव्या पिढीच्या, म्हणजे सिक्स-जीच्या, संशोधनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. मीही त्याच रानातला एक मजूर. बाबांना सांगितलं, आम्ही सहावीचं काम करतो. ते निवृत्त शिक्षक. बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे पण आपल्या इकडली गावं अजून चौथीत बसून हायेत. काही तर बालवाडीतच. पाचवी पास न करता सहावीत कोण घेते?”

याला माझ्याकडं उत्तर नाही. फिनलंडनं 1 जुलै 2010 पासून एक मेगाबिट वेगाचं इंटरनेट हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क केला. असं करणारा हा पहिला देश. आमच्याकडं टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून फोन लावणाऱ्यांची रांग असते, आणि त्या झाडालाही आता टॉवर म्हणतात. आणि तरीही, गेल्या काही वर्षांत मला सर्वात मोठी वाटलेली तंत्रज्ञानाची बातमी ओउलूची नाही. 1 जानेवारी 2025 ला अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या रस्त्यावर पहिल्यांदा लाल गाडी धावली. बाबांनी तिचा व्हिडिओ पाठवला. धूळ, हॉर्न, खिडकीतून बाहेर काढलेले हात. मी तो ऑफिसात दाखवला. सहाव्या पिढीवर काम करणारी माणसं ते बघत होती आणि एकानं विचारलं, “यात नवीन काय आहे?” मी म्हटलं, बस.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. डिसेंबरात इथं दिवस जेमतेम साडेतीन तासांचा. दुपारी तीनला व्हिडिओ कॉल केला की बाबा मागचा अंधार पाहून विचारतात, “लाइन गेली का?” जूनमध्ये उलट, रात्री अकराला खिडकीत ऊन. तेव्हा ते विचारतात, “ऑफिसला गेला नाहीस?” उणे वीसमध्ये इथली पोरं सायकलनं शाळेत जातात, त्याचं कौतुक मी सांगतो, पण ते त्यांना पटत नाही. त्यांच्या मते एवढ्या थंडीत शाळेला सुट्टी न देणारा हेडमास्तर निलंबित व्हायला हवा. 1996 पासून या शहरात हवेतली गिटार वाजवण्याची जागतिक स्पर्धा भरते. हातात काही नाही, नुसते हावभाव. झाडीपट्टीचे हाडाचे रसिक असलेल्या बाबांनी ती पाहिली आणि एकच शंका काढली: “वाद्य घरी विसरून आले अन् तरी बक्षीस?”

सौनाचं मात्र मी घरी सविस्तर सांगितलेलं नाही. पंचावन्न लाख लोकवस्तीच्या या देशात सौना तीस लाखांच्या आसपास. 2020 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. ऐंशी अंशांच्या लाकडी खोलीत बसायचं, तापल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि घाम काढायचा. पहिल्यांदा मला नेलं तेव्हा यजमान काळजीनं विचारत होते, सहन होतंय ना? 2019 च्या मे महिन्यात चंद्रपूरला पारा 48 वर गेला होता आणि त्या आठवड्यात मी तिथं एका लग्नात कोट घालून उभा होतो. ते वऱ्हाडही युनेस्कोच्या यादीत जायला हरकत नव्हती.

पण मला इथं खरोखर घरचं वाटतं ते जंगलात. फिनलंडची तीन चतुर्थांश जमीन जंगलाखाली, गडचिरोली जिल्ह्याचीही जवळपास तेवढीच. इथं बर्च आणि पाईन, आमच्या आलापल्लीत साग. उन्हाळ्याच्या शेवटी सगळं शहर बादल्या घेऊन रानात शिरतं. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यातली बोरासारखी रानफळं आणि अळंबी कुणीही वेचावी, विकावी. त्या कमाईवर करही नाही. मी ऑफिसातल्या एकाबरोबर जातो. तो पन्नाशीचा, अबोल माणूस. मी त्याला टेकोड्यांबद्दल सांगितलं, वारुळावर येतात, गडगडाट झाला की निघतात. वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी सांगितली. इथं एक विषारी अळंबी दोनदा उकळून, पाणी फेकून चवीनं खातात, आणि दुकानात ती इशाऱ्याच्या पाटीसकट विकतात. मी म्हटलं, आमच्याकडं कडू कांदे असेच पुन्हा पुन्हा उकळून गोड करतात. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा माझ्याबद्दल आदर दिसला. माझ्या पदवीनं तो कधी दिसला नव्हता.

मग मी त्याला सांगितलं, की आमच्याकडं असा हक्क मिळायला 2006 साली संसदेत कायदा करावा लागला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना हाती पडायला 2011 उजाडलं. तो थांबला. त्यांच्या हक्काचा असा एकगठ्ठा कायदाच नाही म्हणे. पूर्वापार चालत आलंय, म्हणून आहे. “तुमची माणसं तिथं आधीपासून राहत नव्हती का?” त्यानं विचारलं. राहत होती, मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि पुन्हा वेचायला लागला. वनहक्कांवरची मी ऐकलेली ही सर्वात लहान आणि नेमकी चर्चा.

इथलंही सगळं गोड नाही. विक्रीसाठीची रानफळं वेचायला दर उन्हाळ्यात थायलंडहून हजारो माणसं येतात, आणि त्यांच्या पिळवणुकीवरून इथं खटले उभे राहिले आहेत. हे वाचलं की मला मिरची तोडायला तेलंगणात जाणारे आमच्याकडचे लोक दिसतात. होळीच्या आगेमागे ट्रॅक्टरवर, पोराबाळांसकट, वांगेपल्लीच्या त्याच पुलावरून. त्यांना कुणी परदेशस्थ म्हणत नाही, सत्कारही करत नाही. माझ्यापेक्षा त्यांचा परदेश जास्त कठीण आहे, एवढं मला ठाऊक आहे.

इथल्या लोकांना आमच्या जिल्ह्याची कुठलीच गोष्ट पटली नाही, एक सोडून. जुलैत हा सगळा देश महिनाभर सुट्टीवर जातो, ऑफिसात चिटपाखरू नसतं. त्याचा त्यांना फार अभिमान. एकदा मी सांगितलं की आमच्या अहेरी तालुक्यात कमलापूरला वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे, महाराष्ट्रातला एकमेव, आणि तिथल्या हत्तींना दर हिवाळ्यात रीतसर वैद्यकीय रजा असते. काम बंद, वनौषधींच्या काढ्यानं पाय शेकून घेणं चालू. त्याला चोपिंग म्हणतात. आधी ते हसले, मग गंभीर झाले, मग एकीनं विचारलं की रजा भरपगारी असते का. असते, मी म्हटलं, चाऱ्याच्या रूपात. त्या दिवसापासून ऑफिसात गडचिरोलीची ओळख बदलली. आता ‘हत्तींना रजा देणारा जिल्हा’ असं म्हणतात. हीसुद्धा एकच ओळ झाली, पण आधीच्या ओळीपेक्षा मला ही चालेल.

तुम्हीही या कमलापूरला. आता रस्ते बरे आहेत, अहेरी-आलापल्लीत मुक्कामाची सोय होते. फक्त थंडीत यायचं ठरवलंत तर निघण्यापूर्वी वन विभागाकडं चौकशी करा. हत्ती रजेवर असतील तर भेटत नाहीत.